झिजलेले शिलालेख फोटोत वाचता यावेत म्हणून

कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ची. साध्या कबरी कमीच, पिरॅमिड आणि घुमटांची नुसती दाटी! झाडी इतकी की भर दुपारी कवडशांमुळे फोटो चट्ट्यापट्ट्यांचा येतो. त्यापेक्षा ढगाळ दिवस बरा. झिजलेला लेख समोरून फ्लॅश मारून वाचता येत नाही. सोबत्याला मोबाइलचा टॉर्च दगडालगत, अगदी बाजूने धरायला सांगा. खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. खडू मात्र अजिबात घासू नका, दगड खराब होतो. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या कबरीचा उंच सुळका सगळेच टिपतात. हिंदू चालीरीती पाळणारा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ‘हिंदू’ स्टुअर्ट, त्याची देवळासारखी कबर चुकवू नका. मोठा कॅमेरा असेल तर फाटकावरच परवानगीचं विचारा. आणि डासांचं मलम घ्याच.