मुंगणा लावताना, वाळवताना आणि खाताना या चुका टाळा

विदर्भातल्या बहुतेक गावांत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एखादं तरी मुंगण्याचं (शेवग्याचं) झाड असतंच. तरी अलीकडे त्याच गावातली माणसं शहरातून याच पाल्याच्या मोरिंगा पावडरीची बाटली विकत आणतात आणि दारातल्या झाडाचा पाला शेळीपुढे पडतो. बचत गटांबरोबर काम करताना या झाडाच्या बाबतीत त्याच त्या चुका मला सतत दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक निव्वळ घाईतून होतात. मुंगणा ही भाजी आहे, आठवड्यातून दोन-तीनदा ताटात यावी अशी. तिला औषध समजून चमच्याने मोजायला लागलं की गडबड सुरू होते.

पानं उन्हात वाळवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात बचत गटाच्या बायांना एका व्यापाऱ्याने पावडर विकत घेतो म्हणून सांगितलं होतं. मे महिना, पारा 45 च्या आसपास. बायांनी पाला तोडला, धुतला आणि टिनावर पसरला. मी सावलीचं सांगितलं तर एक जण म्हणाली, "ताई, ऊन तं फुकटच हाय, सावलीत कायले दिवस घालवाचे?" संध्याकाळपर्यंत पानं कुरकुरीत झाली खरी, पण हिरवा रंग पार उडाला. पावडर पिवळट-तपकिरी झाली, तिला कडब्याचा वास येत होता. व्यापाऱ्याने मूठभर हातात घेऊन पाहिली आणि पोतं परत केलं. त्याचं काही चुकलं नाही. पानांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते कडक उन्हात भराभर नष्ट होतं. रंग गेला की त्याच्याबरोबर हेही गेलं असं समजायचं.

पाऊस लागल्यावर त्याच गटाने पुन्हा पाला वाळवायला घेतला, या वेळी सावलीत. पण एकाच खोलीत वीतभर जाड थर आणि खिडक्या बंद. वरची पानं वाळली, खालची आतल्या आत तापून काळी पडली. सगळं एकत्र दळलं आणि लगेच प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलं. पंधरवड्यात गुठळ्या झाल्या, कुबट वास सुटला. "परत वाळवून घेऊ" असा विचार निघाला तेव्हा मी ती सगळी पावडर उकिरड्यात टाकायला लावली. बायांची मेहनत मातीत जाताना बघवत नव्हतं, पण बुरशीने एकदा विष सोडलं की ते वाळवून किंवा भाजून जात नाही, आणि ही पावडर लेकराबाळांच्या पोटात जाणार होती.

माझी पद्धत अशी. पाला सकाळीच तोडते, धुऊन पाणी पूर्ण निथळू देते. काड्या काढून नुसती पानं जुन्या सुती लुगड्यावर एकेरी पसरते, वारा आरपार जाईल अशा खोलीत, आणि दिवसातून दोनदा हलवते. मुठीत चुरल्यावर पान कडकड मोडलं पाहिजे. नुसतं दुमडलं तर अजून वाळायचं आहे. मार्च ते मे हाच हंगाम. पावसाळ्यात मी पावडर करतच नाही, तेव्हा झाडावर कोवळा पाला भरपूर असतो, तो ताजा खावा. पावडर स्टीलच्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि सहा महिन्यांत संपवायची. काचेच्या बरणीत भरून खिडकीत मांडून ठेवली तर उजेडाने पुन्हा तेच नुकसान.

बाटलीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं

बाटलीवर "संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व" असं छापलेलं असतं. तो हिशेब ताज्या पानांचा. वाळवताना क जीवनसत्त्व बरंचसं निघून जातं. "दुधाच्या सतरापट कॅल्शियम" हा हिशेब वाळलेल्या पावडरीचं वजन दुधाच्या वजनाला लावून केलेला आहे. ताज्या पानांत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ते गेल्यावर उरलेला भाग दाट दिसणारच. पावडरीत 100 ग्रॅमला सुमारे 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तरी एका लहान चमच्यात पावडर बसते जेमतेम 3 ग्रॅम. त्यातून मिळालं 60 मिलिग्रॅम, म्हणजे ग्लासभर दुधाच्या पाव हिश्श्याएवढं.

याचा अर्थ पाला कमी प्रतीचा असा नाही. ताज्या 100 ग्रॅम पानांत 6 ते 9 ग्रॅम प्रथिनं आणि साधारण 4 मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय कॅल्शियम भरपूर. पालेभाजीसाठी हे फार चांगलं आहे. पण ते वाटीभर भाजीतून मिळतं, चिमूटभर पावडरीतून नाही.

पाला उकडून पाणी फेकणं

कडू लागतो म्हणून पाला उकडायचा, पिळायचा आणि हिरवं पाणी मोरीत ओतायचं. पाण्यात विरघळणारी क आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्याच पाण्यात असतात. कडूपणा निबर पानांत जास्त, म्हणून शेंड्याकडचा कोवळा पाला घ्यावा. मी तेलात लसूण-मिरचीची फोडणी देऊन, भिजवलेली मुगाची डाळ घालून झाकणावर शिजवते. तेल असलं की बीटा कॅरोटीनही अंगी लागतं. फुलांचा बेसन लावून झुणका आणि शेंगांचं वरण तर सगळ्यांना येतंच. शेंगांत क जीवनसत्त्व चांगलं असतं, तेव्हा त्याही गाळ होईपर्यंत शिजवू नका.

आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. वनस्पतींतलं लोह आधीच कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. भाजीवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या.

औषध म्हणून काहीही खाणं

मूळ आणि साल पोटात घेऊ नये. त्यांत विषारी घटक असतात, गरोदरपणी तर धोका मोठा. रक्त पातळ होण्याची, साखरेची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर रोज पावडर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मुंगणा खातो म्हणून बंद करू नका. लहान मुलांना पहिल्याच दिवशी दोन चमचे पावडर देऊ नका, पोट बिघडतं.

उरलेलं कपाशीचं औषध झाडावर मारणं

पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. माणसं घाबरतात आणि पंपात उरलेलं कपाशीचं औषध झाडावर मारतात, दोन दिवसांनी त्याच झाडाचा पाला शिजतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या जिल्ह्यात राहून भाजीच्या झाडावर ते औषध मारणारा माणूस दिसला की मला राग आवरत नाही. अळ्या दिवसा खोडावर गोळा होऊन बसतात, तेव्हाच काठीला चिंधी गुंडाळून पेटता टेंभा भराभर फिरवायचा, साल जळू द्यायची नाही. अळ्यांना हात लावू नका, केसांनी अंगाला आग होते. पाल्यासाठीचं झाड कपाशीच्या धुऱ्यावरही (बांधावरही) नको, फवारा वाऱ्याने त्यावर येतोच.

बियांनी कोणतंही पाणी शुद्ध होतं असं मानणं

सुदानमध्ये नाईलच्या काठच्या बाया नदीचं गढूळ पाणी मुंगण्याच्या बियांनी निवळत आल्या आहेत. बीतलं प्रथिन मातीच्या कणांना एकत्र आणतं आणि गाळ खाली बसतो. वाळलेल्या बियांची टरफलं काढून, बारीक कुटून, थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून फडक्यातून गाळायच्या. लिटरला एक, फार गढूळ असेल तर दोन बिया. आधी जोरात, मग पाच-दहा मिनिटं हळू ढवळायचं आणि तासभर हलवायचं नाही. वरचं पाणी काढून घेऊन उकळायचं, कारण सगळे जंतू याने जात नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी ते ठेवायचं नाही, वास येतो.

पण पूर्णेच्या काठचा अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा घ्या, किंवा यवतमाळ-चंद्रपूरमधली जास्त फ्लोराइडचं पाणी असलेली गावं. तिथलं बोअरचं पाणी दिसायला नितळच असतं. बिया टाकून ते गोड होत नाही आणि फ्लोराइडवर या घरगुती उपायाचा भरवसा धरू नये. तिथे पाण्याची तपासणी करून घ्या आणि वेगळ्या सोयीसाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा.

लावताना आणि नंतर

भारी काळ्या जमिनीत सपाटीवर लावलं की पावसाचं पाणी बुडाशी साचतं आणि मूळ सडतं. उंचवट्यावर किंवा वरंब्यावर लावा. फांदीपासून लावलेलं झाड लवकर शेंगा देतं, पण मूळ उथळ राहतं आणि वादळात आडवं होतं. मला बियाण्याचं झाड आवडतं. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-1 ही जात बियांपासून सहा-सात महिन्यांत शेंगा देऊ लागते. बी जुनं झालं की उगवत नाही, त्याच वर्षीचं घ्या. फुलावर असताना पाण्याचा मारा केला तर फुलं गळतात.

शेंडा न खुडणं मात्र फार महागात पडतं. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांद्यांचे शेंडेही पुन्हा खुडायचे. पोरं म्हणतात, "वाढू द्या ना, कायले तोडता?" मग झाड टिनाच्या वर जातं, शेंगा आभाळाला लागतात, आणि कोणीतरी त्या ठिसूळ लाकडावर चढतं. आमच्या ओळखीतल्या एका पोराचा हात असाच फांदीसकट पडून मोडला. शेंगांचा हंगाम संपला की मे अखेरीस खोड कमरेइतकं ठेवून झाड छाटावं, बुडाशी शेणखत टाकावं. पहिल्या पावसानंतर त्याच खोडावर हाताला येईल असा कोवळा पाला फुटतो.