दोन-तीन महिन्यांची नोकरी रिझ्युमेत लिहायची की गाळायची? या चुका टाळा

रुजू झालात, पहिल्या आठवड्यातच काहीतरी बिनसल्याचं जाणवलं आणि प्रोबेशन संपायच्या आतच बाहेर पडलात. आता पुढच्या नोकरीसाठी रिझ्युमे उघडल्यावर तीच ओळ डोळ्यांत खुपतेय. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक वेळा ती गाळली तरी चालते. रिझ्युमे म्हणजे तुमच्या आयुष्याची जंत्री नाही. ज्या जागेसाठी अर्ज करताय, तिला उपयोगी पडेल तेवढंच निवडून त्यात मांडायचं असतं. लोक अडकतात ते गाळल्यामुळे नाही, गाळताना केलेल्या चलाखीमुळे.

तारखा ताणू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समजा, पहिली नोकरी मार्च 2019 ते जानेवारी 2023. मग एप्रिल ते जून 2023 ही ती नकोशी नोकरी. ऑगस्ट 2023 पासून सध्याची. मधली गाळली की फेब्रुवारी ते जुलै असा सहा महिन्यांचा गॅप दिसतो. तो झाकायला पहिल्या नोकरीची अखेर जानेवारीऐवजी जून करण्याचा मोह होतो. करू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे नवी कंपनी तुमची माहिती पडताळते तेव्हा, जुन्या कंपनीला बाकी काही विचारलं नाही तरी रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस आणि पद हे हमखास विचारतात. कामाबद्दल मत द्यायला पुष्कळ एचआर विभाग तयार नसतात, पण तारखा सांगतात. नोकरी सोडताना मिळालेल्या रिलीव्हिंग लेटरवरही त्याच असतात. गॅपबद्दल प्रश्न आला तर उत्तर देता येतं. तारीख खोटी निघाली की उत्तराला जागाच उरत नाही.

फक्त वर्षं लिहून महिने वगळायचे, हा जुना तोडगा आहे. सगळ्याच नोकऱ्यांना तोच नियम लावला असेल तर त्यात खोटं काही नाही. पण एरवी सगळीकडे महिने आणि नेमकं 2023 पाशी फक्त वर्ष, असं केलंत तर वाचणाऱ्याची नजर तिथेच जाते.

रिझ्युमे वेगळा, फॉर्म वेगळा

हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. काय दाखवायचं, हे रिझ्युमेत तुम्ही ठरवता. अर्जाच्या किंवा व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये मात्र समोरचा विचारतो आणि खाली ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ या वाक्याखाली तुमची सही घेतो. फॉर्ममध्ये ‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व नोकऱ्या’ असं विचारलं असेल, तर ती दोन महिन्यांचीही आलीच पाहिजे. ‘संबंधित अनुभव’ एवढंच विचारलं असेल तर नाही लिहिली तरी चालते. म्हणून फॉर्ममधला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. माहिती खोटी निघाल्यास रुजू झाल्यानंतरही काढून टाकता येईल, असं कलम पुष्कळ ऑफर लेटरमध्ये असतं. सरकारी आणि सुरक्षेशी संबंधित जागांसाठी तर काही लपवण्याचा विचारही नको.

आणि हो, पगारातून कर कापला गेला असेल तर कुठेतरी नोंद झालेलीच असते. कुणाला कळणारच नाही, या भरवशावर राहू नका.

सरसकट गाळू नका

नोकरी छोटी आहे म्हणून ती निरुपयोगीच असं नाही. ज्या क्षेत्रात शिरायचंय त्यातला तुमचा एकमेव अनुभव तोच असेल, तर ठेवा. मुळातच कॉन्ट्रॅक्ट ठरावीक मुदतीचं होतं किंवा लेऑफमध्ये अख्खी टीम गेली, तर कंसात ‘तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट’ किंवा ‘विभाग बंद झाला’ एवढं लिहिलं की शंका तिथेच मिटते. आधीच मोठा गॅप असेल आणि ही नोकरी तो निम्मा भरून काढत असेल, तरीही ठेवलेली बरी.

ठेवलीत तर एक-दोन ओळींत आटपा. दहा आठवड्यांच्या कामाखाली सात मुद्दे पाहिले की वाचणारा मनातल्या मनात हसतो. सोडण्याची कारणं तर रिझ्युमेत अजिबात नकोत.

रिझ्युमेतून गाळलेली नोकरी लिंक्डइनवर झळकत ठेवणं ही अगदी साधी, पण नेहमीची चूक. रिझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल एकदा शेजारी ठेवून पाहा.

इंटरव्ह्यूत गडबडू नका

‘या सहा महिन्यांत काय करत होतात?’ असं थेट विचारलं तर ‘घरीच होतो’ म्हणू नका. ‘मध्ये एका ठिकाणी रुजू झालो होतो. सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक निघाला, म्हणून लवकर थांबलो. या जागेशी त्याचा फारसा संबंध नसल्याने रिझ्युमेत घेतलं नाही.’ एवढं बोलून गप्प बसायचं. जुन्या बॉसची उणीदुणी काढायला लागलात की इंटरव्ह्यू त्याच विषयावर घसरतो.

अशा छोट्या नोकऱ्या ओळीने तीन-चार असतील, तर त्यांतली एक गाळून फारसं काही साधत नाही. त्या खरोखरच प्रोजेक्टपुरत्या असतील तर ‘कॉन्ट्रॅक्टवरची कामं’ अशा एकाच मथळ्याखाली एकत्र घ्या आणि आत प्रत्येकाच्या खऱ्या तारखा लिहा. कायमस्वरूपी नोकऱ्या मात्र या मथळ्याखाली घुसडू नका, कारण पदाचीही पडताळणी होते.