एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) प्रवेश: मेरिट लिस्टच्या आधीची आणि नंतरची कामं

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात बीए, बीकॉम किंवा बीएस्सीला प्रवेश घ्यायचा तर फॉर्म दोन भरावे लागतात: एक विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणीचा, दुसरा कॉलेजचा. गोंधळ होतो तो इथेच. विद्यापीठाची नोंदणी झाली की कॉलेजात अर्ज पोहोचला, असं समजून मुलं घरी बसतात. नोंदणीच्या फॉर्मची प्रिंट काढून ती कॉलेजच्या अर्जाला जोडायची असते. चार कॉलेजं हवी असतील तर चारही ठिकाणी अर्ज करा.

आधी नाव तपासा

दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. या उलटसुलट क्रमाने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगने. ‘दीपक’ आधारवर एका ‘आय’ने आणि मार्कशीटवर दोन ‘ई’ने असेल, तर पदवीची क्रेडिट (प्रत्येक विषयाचे अभ्यासगुणांक) साठवण्यासाठी लागणारा 12 अंकी एबीसी किंवा अपार आयडी काढतानाच गाडी अडते, कारण तो आधारच्या माहितीवर तयार होतो. अशा वेळी मार्कशीट पुरावा म्हणून देऊन आधार दुरुस्त करावं. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, तेव्हा एजंटाच्या भरवशावर न राहता स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर स्वतः वाचा.

कागद

दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी (लिव्हिंग सर्टिफिकेट), आधार, फोटो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). नॉन-क्रिमिलेअरची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या 31 मार्चला संपते. मुदत संपलेला कपाटातला जुना दाखला जूनमध्ये बाद ठरतो आणि नेमकी तेव्हाच सेतू केंद्रात रांग लागलेली असते. एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा. सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डाची मुलं असतील तर मायग्रेशन (बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्र) लागतं. सीबीएसईचं डिजिलॉकरमध्ये मिळतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

एलसी कॉलेज ठेवून घेतं, म्हणून ती देण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. बाकी मूळ कागद पडताळून परत द्यायचे, असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. मार्कशीट अडकवून ठेवायला कुणी मागितली तर नियम दाखवा.

यादी लागल्यावर

साधारण तीन मेरिट लिस्ट लागतात आणि प्रत्येकीनंतर फी भरायला मोजकेच दिवस मिळतात. मुदत चुकली की जागा पुढच्याला. दुसऱ्या यादीत आवडीचं कॉलेज लागेल म्हणून हातातली जागा सोडणं हा जुगार आहे. आधी फी भरा, चांगलं मिळालं तर प्रवेश रद्द करा. किती फी परत मिळणार हे रद्द करण्याच्या तारखेवर ठरतं आणि त्या तारखा यूजीसी जाहीर करतं, त्यामुळे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

बारावी त्याच संस्थेत झाली असेल तर इन-हाऊसचा (स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागांचा) फायदा मिळतो, तो फॉर्ममध्ये नोंदवायला विसरू नका.

मेजर (मुख्य) विषय मात्र घाईत टिकमार्क करू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या क्रेडिटचा मोठा भाग त्याच्याभोवती असतो, आणि ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा जोड विषय) दुसऱ्या शाखेतून घ्यावी लागते.

प्रवेशानंतर

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं ऑनलाइन भरायचं असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शाळेत काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर आधी बँकेत जाऊन ते बदला.

मग पात्रता तपासून विद्यापीठ पीआरएन (कायमचा नोंदणी क्रमांक) देतं. पहिल्या परीक्षेच्या फॉर्मवर हा नंबर, नाव आणि आईचं नाव नीट वाचा. चूक दिसली तर कॉलेजच्या ऑफिसात तेव्हाच लेखी अर्ज करा, तिसऱ्या वर्षी पदवी प्रमाणपत्र छापायला गेल्यावर नाही.