एटीएम जाळ्यातील व्हीपीआय आणि व्हीसीआय कसे वाचावेत

सांगली-मिरज भागातील अनेक कार्यालयांत फायबर पोहोचले असले, तरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या जुन्या एडीएसएल मोडेमच्या सेटिंगमध्ये ०/३५ ही जोडी अजूनही दिसते. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडसाठी हीच जोडी भरावी लागत असे. येथे एटीएम म्हणजे पैसे काढण्याचे यंत्र नव्हे, तर माहिती ‘सेल’ नावाच्या ठरावीक लांबीच्या लहान तुकड्यांत पाठवण्याची पद्धत (असिंक्रोनस ट्रान्सफर मोड). यांतील पहिला आकडा व्हीपीआय, म्हणजे आभासी मार्गाचा क्रमांक, आणि दुसरा व्हीसीआय, म्हणजे त्या मार्गातील वाहिनीचा क्रमांक होय.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की करावी: हे क्रमांक पोहोचण्याच्या ठिकाणाचे नसून फक्त एका दुव्यापुरते असतात. सांगली स्थानकावर एसटी ज्या फलाटावर लागते, त्या फलाटाच्या क्रमांकाचा साताऱ्यात काहीच उपयोग नसतो, तसेच हे आहे. म्हणूनच गावातील सर्व ग्राहकांच्या मोडेममध्ये ०/३५ असूनही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची तार एक्स्चेंजमध्ये वेगळ्या पोर्टवर येते.

आता स्विचचा, म्हणजे सेल पुढच्या दुव्यावर पाठवणाऱ्या यंत्राचा, तक्ता वाचून पाहू. यातील आकडे उदाहरणापुरते आहेत. विश्रामबागेतून पोर्ट १ वर ०/३५ घेऊन आलेला सेल सांगलीचा स्विच पोर्ट ७ वर २/१०१ असे नवे क्रमांक लिहून पुढे पाठवतो. कराडचा स्विच केवळ व्हीपीआय पाहत असेल, तर तो २ च्या जागी ९ लिहितो आणि १०१ ला हात लावत नाही. साताऱ्याला सेल ९/१०१ म्हणून पोहोचतो. एका व्हीपीआयखाली शेकडो वाहिन्यांची मोळी बांधता येते आणि मधल्या स्विचचा तक्ता लहान राहतो, हा या दुहेरी रचनेचा खरा फायदा आहे. तक्ता वाचताना पोर्ट, व्हीपीआय आणि व्हीसीआय ही तिन्ही एकत्रच धरावीत.

सेल ५३ बाइटांचा असतो. त्यातील ५ बाइट शीर्षकाचे आणि ४८ माहितीचे. ग्राहकाच्या बाजूला पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीत ०० ०० ०२ ३० असे दिसले, तर पहिला अंक प्रवाह-नियंत्रणाचा म्हणून सोडावा, पुढचे दोन व्हीपीआयचे आणि त्यापुढचे चार व्हीसीआयचे घ्यावेत. येथे ००२३ मिळते, म्हणजेच २ × १६ + ३ = ३५. शेवटच्या अंकात सेलचा प्रकार आणि गर्दीत तो टाकून द्यावा की नाही याची खूण असते. एएएल५ (मोठ्या पॅकेटचे सेलमध्ये तुकडे करण्याची पद्धत) पॅकेटच्या अखेरच्या सेलमध्ये तेथे एरवी ० च्या जागी २ दिसतो. स्विचेसमधील दुव्यांवर मात्र प्रवाह-नियंत्रण नसते आणि व्हीपीआय ८ ऐवजी १२ बिटांचा होतो, हे विसरल्यास सगळी मोजणी चुकते.

नवी वाहिनी उघडताना व्हीसीआय ० ते ३१ वापरू नयेत. ते राखीव असतात. उदाहरणार्थ, ०/५ सिग्नलिंगसाठी, म्हणजे जोडणी उभारण्याच्या संदेशांसाठी, आहे.

मोडेमचा डीएसएल दिवा स्थिर असूनही इंटरनेट चालत नसेल, तर तार बदलण्याची घाई करू नये. तो दिवा केवळ विद्युत जुळणी सांगतो. क्रमांकांची जोडी चुकली तरी तो लागतोच. आधी व्हीपीआय-व्हीसीआय पाहावेत आणि मग एलएलसी की व्हीसी-मक्स ही एन्कॅप्सुलेशनची (पॅकेट सेलमध्ये भरण्यापूर्वी गुंडाळण्याच्या पद्धतीची) निवड सेवादात्याशी जुळते का, ते तपासावे. मोडेममध्ये ओएएम चाचणीची (वाहिनी जोडलेली आहे का हे तपासण्याची) सोय असल्यास आधी एफ५ सेगमेंट (वाहिनीच्या पहिल्या टप्प्याची) आणि नंतर एफ५ एंड-टू-एंड (पूर्ण वाहिनीची) चाचणी चालवावी. पहिली यशस्वी होऊन दुसरी अडली, तर बिघाड बहुधा पहिल्या टप्प्याच्या पलीकडे असतो आणि तक्रारीत तेवढेच स्पष्ट लिहावे.