लेकरांना बाग दाखवायला नेता? मग या चुका टाळा

आमचं गाव काटोलपासून आत, संत्र्याच्या पट्ट्यातलं. इथं बाग म्हटलं की संत्र्याचीच, फिरायची बाग पाहायची असंन तर नागपूर नाहीतर अमरावती गाठा लागते. वर्षातून दोनदा तरी आम्ही जातो, घरचे, भाचे-पुतणे, कधी शेजारच्या काकूपण सोबत. या आठ-दहा वर्षांत कुठं कुठं पैसे फुकट गेले ते आता पाठ झालं आहे अन् गावातलं कोणी निघालं की विचारायला येते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढून राहिलो.

पहिले एक सांगतो. सरकारी बागेच्या तिकिटानं कोणाचं घर बुडत नाही. लोक गेटवर लेकराचं वय कमी सांगून दहा रुपये वाचवतात अन् तिथं यायला केलेल्या गाडीचे अडीच-तीन हजार देऊन बसतात. पैसा रस्त्यात जातो, खाण्यात जातो, अन् सगळ्यात जास्त जातो तो फेरी वाया गेली की.

फेरी वाया कशी जाते ते ऐका. मोठी लेक पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. रविवारी गर्दी राहते म्हणून मी मुद्दाम सोमवार निवडला, पहाटे उठून बायकोनं पोळ्या केल्या, आठ जण निघालो, दोन गाड्या बदलून एका मोठ्या बागेच्या गेटवर पोचलो तर गेटला कुलूप. आठवडी सुट्टी. लेकरं जाळीला तोंड लावून आत पाहून राहिली होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. मग त्यांचा हिरमोड नको म्हणून ऑटो करून दुसरीकडं नेलं, तिथं झुले, आईस्क्रीम, बाहेरचं जेवण, त्या एका दिवसात जेवढे गेले तेवढ्यात बागेच्या चार वाऱ्या झाल्या असत्या.

तर वार पाहिल्याशिवाय निघूच नका. नागपूरची महाराजबाग सोमवारी बंद असते, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालयही सोमवारी बंद. ताडोब्याकडं जाणार असाल तर तिथं मंगळवार. दिल्लीला कोणी चाललं असंन तर राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही सोमवारी बंद असते, अन् त्याला एका रुपयाचंही तिकीट नाही, तेव्हा पास काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. धुळवडीसारख्या दिवशी तर कुठंही जायच्या आधी विचारूनच घ्या. अन् विचारायचं ते योग्य जागी. महाराजबाग भोसल्यांच्या काळातली, तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४ चं, पण ती चालवते कृषी विद्यापीठ, महापालिकेच्या ऑफिसात चौकशी केली तर ते काय सांगणार.

वेळेचंही तसंच. काही बागा सकाळी अन् संध्याकाळीच उघड्या राहतात, दुपारी बंद. आपल्या गावची पहिली गाडी धरून आपण पोचतो साडेअकरा-बाराला, म्हणजे नेमकं बंद व्हायच्या टायमाला. अन् तिकिटाची खिडकी बाग बंद व्हायच्या बरीच आधी बंद होते, हेही लक्षात ठेवा.

जुना व्हिडिओ पाहून निघणं ही त्याच्याच जवळची चूक. शेगावचं आनंद सागर घ्या. आमच्या पिढीनं ते पूर्ण भरात पाहिलं, तलाव, छोटी रेल्वे, सगळं. नंतर ते बरीच वर्षं बंद होतं अन् मग त्यातला काही भागच उघडला. पण मोबाईलवर अजून जुनेच व्हिडिओ फिरून राहिले, ते पाहून लोक लेकरांना रेल्वेत बसवायचा शब्द देऊन नेतात. शेगावला दर्शनाला जा, उघडा आहे तो भाग पाहा, पण आज काय चालू आहे ते संस्थानात विचारून मगच लेकरांना सांगा.

आता गाडीभाड्याचं, याच्यावर जरा जास्त बोलतो कारण खरी बचत इथंच आहे. गावात सवय झाली की सहा जण जमले की इको नाहीतर क्रूझर करायची, वर डिझेल वेगळं, ड्रायव्हरचं जेवण वेगळं, पार्किंग वेगळी. एसटीचा हिशोब कोणी करतच नाही. करून पाहा. घरात आजी ७६ वर्षांची, दोन बायका, एक माणूस, एक लेकरू आठ वर्षांचं अन् एक चार वर्षांचं, असे सहा जण धरा. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, तर आजीचं शून्य. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, दोघींचं मिळून एक. माणसाचं एक. ५ ते १२ वर्षांच्या लेकराला अर्धं, पाचच्या आतल्याला नाहीच. सहा माणसं अन् तिकिटं झाली अडीच! याच्यापुढं कोणती क्रूझर स्वस्त पडणार सांगा.

पण इथंही लोक चुकतात. आजीचं आधार कार्ड घरीच राहते अन् मग कंडक्टरशी भांडण. त्याचं काय चुकलं, वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय तो कसं सोडंन? ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट आहे, त्यांनाही पुरावा लागतोच. दुसरं असं की बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीतच चालते, नागपुरातल्या शहर बसमधी नाही अन् खासगी ट्रॅव्हल्समधी तर नाहीच नाही. मध्य प्रदेशात जाणाऱ्या एसटीत बसलात तर सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण भाडं. हे माहीत नसलं की ऐनवेळी पैसे कमी पडतात.

अन् सगळ्यात महागाची चूक म्हणजे परतीची शेवटची गाडी. शहरातल्या माणसाला हे कळत नाही, आपल्याला कळा लागते. नागपूरवरून काटोलला रात्रीपर्यंत गाड्या आहेत, पण काटोलवरून आपल्या गावात येणारी मुक्कामी गाडी एकच अन् ती चुकली की आठ जणांना घेऊन जीप करा, तो म्हणंन तेवढे द्या, रात्रीचं कोण घासाघीस करते. आमचे दोनदा असे गेले. तेव्हापासून मी दिवसाचा हिशोब उलटा लावतो, गावची गाडी काटोलवरून किती वाजता, तर नागपूर किती वाजता सोडा लागंन, तर बागेतून किती वाजता उठा लागंन. चार वाजता उठायचं ठरलं की चार वाजता उठायचं, लेकरं रडली तरी. ज्या गावाला संध्याकाळची गाडीच नाही त्यांनी येताना तालुक्याला नातेवाईकाकडं मुक्काम धरावा, त्यात कमीपणा काही नाही.

शहरात उतरल्यावर लगेच ऑटोत बसू नका. महाराजबाग बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मोरभवन बस स्टँडपासून चालत जाण्यासारखी आहे, दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यासाठी नवीन माणूस पाहून ऑटोवाले काहीही मागतात. काटोल रोडनं येणाऱ्यांना गोरेवाडा तर रस्त्यातच पडते, तरी लोक बर्डीपर्यंत जातात अन् मग ऑटोनं उलटे येतात. कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवा की जवळ कुठं पडंन.

खाण्याचं दोन्ही बाजूनं चुकते. काही जण डब्बाच नेत नाहीत अन् गेटवर आलूबोंडे, कुरकुरे, थंडा घेत बसतात. काही जण अख्खी शिदोरी घेऊन जातात अन् जिथं प्राणी आहेत तिथं खायचं आत नेऊ देत नाहीत, मग घाईघाईनं गेटवर उभ्यानं खा नाहीतर टाका. आम्ही काय करतो, आत जायच्या आधीच बाहेर सावली पाहून बसतो, पोळी, झुणका, ठेचा, कांदा, सगळ्यांचं पोट भरवूनच आत शिरतो. भरल्या पोटी लेकरू कमी मागते, हे करून पाहा. आत फक्त फुटाणे अन् मोसमात आपल्याच झाडाचे संत्रे, तेही नेऊ दिले तर, अन् सालं पिशवीत परत. पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक बंदी आहे, पन्नी-थर्माकोल दिसलं की अडवतात. काही ठिकाणी पाण्याच्या बाटलीवर स्टिकर लावून डिपॉझिट घेतात, ते निघताना आठवणीनं परत मागा, दुसऱ्या गेटनं निघालात तर ते गेलंच समजा.

तिकिटाचं थोडक्यात. आतल्या बोटिंगचं, झुल्याचं तिकीट गेटवरच एकत्र काढू नका, आत जाऊन चालू आहे का ते आधी पाहा, बंद निघालं तर पैसे परत मिळणं अवघड. मोबाईलनं फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट खरंच लागते का ते लावलेल्या बोर्डावर वाचा, कोणी सांगितलं म्हणून देऊ नका.

शाळेच्या सहलीबद्दल आपल्या गुरुजी-मॅडमला एक विनंती. सहलीसाठी एसटी पूर्ण गाडी देते अन् शाळेला भाड्यात अर्धी सवलत आहे. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात वेळेवर अर्ज करा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा मागतात तर गाडी मिळत नाही अन् मग खासगी गाडी केली की वर्गणी वाढते. ज्या घरी मजुरीवर चालते तिथलं पोरगं तेवढ्यासाठी घरी राहते, याचं मला फार वाईट वाटते.

कधी जायचं, हेही पैशाचंच गणित आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत बागेत पाहायला काय उरते? लॉन वाळलेलं अन् लेकरं सावली शोधत थंडा मागत फिरतात. शेवंती, डेलिया, पिटुनिया हे सगळं थंडीतलं, जानेवारी-फेब्रुवारीत बाग जशी दिसते तशी मग वर्षभर दिसत नाही. सोयाबीन निघालेलं असते, कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते, तेव्हा घरच्या बायकांनाही तेव्हाच सवड. पोळा झाल्यावर, तान्हा पोळा आटोपला की दसऱ्याआधी जो मोकळा वेळ मिळते तोही चांगला. चिखलदऱ्याला पावसाळ्यात जाणार असाल तर शनिवार-रविवार सोडून द्या, १,११८ मीटरवरचं धुकं मंगळवारीही तेच राहते अन् लॉजचं भाडं मात्र तेच राहत नाही.

अन् लांबच जायचं असं कोणी सांगितलं? सेवाग्रामला तिकीट नाही, बापूंनी १९३६ मधी लावलेला पिंपळ तिथं उभा आहे, त्याच्या सावलीत लेकरांना बसवून आणा, येताना पवनारला धाम नदीवर जा. अमरावतीवाल्यांना वडाळीचं बांबू उद्यान आहे, अकोल्याला नेहरू पार्क, चंद्रपूर-बल्लारपूरकडच्यांना विसापूरचं वनस्पती उद्यान. घराजवळचं आधी पाहा, नागपूर काही पळून जात नाही.

एक राहिलंच, रोपांचं. बाग पाहून आलं की मन हिरवं होते अन् बाहेर हातगाडीवर गुलाब नाहीतर आंब्याची कलम म्हणून जे विकतात ते आपण घेतो. घरी लावल्यावर कळते की ते दुसरंच काही आहे. कृषी विद्यापीठाच्या नाहीतर वनविभागाच्या नर्सरीतून घ्या, पावती मिळते अन् जात खरी असते. संत्र्याची कलमं पाहिजे असतील तर नागपुरात अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, रोगमुक्त कलमं तिथं मिळतात, पण मागणी फार असते तेव्हा आधी नोंदणी करूनच जा. अन् रोपं एसटीत आणताना कुंडीत आणू नका, ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून मांडीवर घ्या, आमच्या अंगणातला चाफा असाच काटोलपर्यंत आला होता.