थंडीत १३:००:४५ वापरताना

पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपलं नेहमीचं १३:००:४५. जुना सोराच, शुद्ध करून पोत्यात भरलेला. त्यातलं १३ टक्के नत्र सगळं नायट्रेट रूपात असतं, त्यामुळे युरियासारखी जिवाणूंची वाट न पाहता मुळं ते थेट उचलतात. जमीन गार असते तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. पालाश (पोटॅश) ४५ टक्के आणि क्लोराइड नावापुरतं. म्हणून द्राक्ष, स्ट्रॉबेरी, तंबाखू अशा क्लोराइड न सोसणाऱ्या पिकांना म्युरेट ऑफ पोटॅशपेक्षा (म्हणजे पोटॅशियम क्लोराइडपेक्षा) हे मानवतं.

या दिवसांत एक तक्रार हमखास येते: खत विरघळत नाही, भेसळ असणार. लगेच तसं ठरवू नका. हे खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. ढवळता ढवळता बादलीला बाहेरून हात लावून बघा, चांगलीच गार लागेल. आणि पाणी गार झालं की त्याची खत सामावून घेण्याची ताकदही घटते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ३०० ग्रॅम विरघळतं, १० अंशाला २०० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे १०० लिटरच्या टाकीत २५ किलोची अख्खी गोणी ओतली, तर दुपारी विरघळलेलं खत पहाटे तळाशी खड्यांच्या रूपात बसलेलं सापडतं, आणि ते फिल्टरमध्ये अडकतं. द्रावण पातळ ठेवा, उन्हात तापलेलं पाणी घ्या, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी ठिबकमधून सोडून टाका.

फवारणीला १ टक्का पुरे: लिटरला १० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. दव वाळल्यावर किंवा ऊन उतरल्यावर फवारा. प्रमाण वाढवलं की पानांच्या कडा करपतात, आणि गंमत म्हणजे पालाश कमी पडल्याचं लक्षणही तेच, जुन्या पानांच्या कडा करपणं. मग माणूस आणखी फवारतो!

फुलोऱ्यानंतर दाणे किंवा फळं भरताना, विशेषतः पाण्याचा ताण असेल तर, या फवारणीचा उपयोग होतो. पण हिशेब बघा. २०० लिटर पाण्यात २ किलो खत, म्हणजे पालाश जेमतेम ९०० ग्रॅम. पिकाची गरज याच्या कित्येक पट. फवारणी केली म्हणून जमिनीतून द्यायचं पोटॅश बंद करू नका. आणि फळांना रंग चढत असताना वेल पालवीकडे झुकत असेल, तर त्यातलं नत्र नकोच; तिथे ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, घ्या.

कॅल्शियम नायट्रेटबरोबर हे एका टाकीत चालतं. मात्र तिथेच सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खत टाकलं तर कॅल्शियमचा साका बसतो.

साठवणीत हयगय नको. हे स्वतः पेटत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवतं. गंधक आणि कोळशात मिसळून याचीच बंदुकीची दारू होते. गंधकाची भुकटी, डिझेल, कडबा यांच्या शेजारी गोणी ठेवू नका. सांडलेलं खत भुशाने न टिपता कोरडंच झाडून वेगळं भरा.