रेट्रो गेमिंगचा पीसी जुळवताना: आधी स्लॉट बघा, मग प्रोसेसर

जुना पीसी जुळवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘पेन्टियम कुठला घेऊ?’ तो प्रश्न शेवटी आला तरी चालेल. कोणते गेम खेळायचे हे ठरलं की मदरबोर्डवर कुठले स्लॉट हवेत ते ठरतं, आणि प्रोसेसर त्या बोर्डाबरोबरच येतो.

डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले गेम खऱ्या साउंड ब्लास्टर साउंड कार्डावर ऐकायचे असतील तर आयएसए स्लॉट हवाच, म्हणजे लांबलचक काळा स्लॉट. त्यासाठी १९९८ चा इंटेल ४४०बीएक्स चिपसेट (बोर्डाचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप) आणि पेन्टियम टू किंवा थ्री ही जोडी उत्तम. पण सगळी मजा १९९८ ते २००३ च्या विंडोज गेममध्येच असेल, तर आयएसएच्या मागे पैसे घालवू नका. ८६५ चिपसेटचा पेन्टियम फोर पुरतो, आणि वागळे इस्टेट किंवा महापे एमआयडीसीतल्या ऑफिसांनी काढून टाकलेल्या डब्यांत तो मिळण्याची शक्यता जास्त. फक्त चिपसेटचं पूर्ण नाव वाचा. ८६५जी आणि ८६५पीई चालतील. ८६५जीव्ही असेल तर सोडून द्या, त्याला एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नाही.

एजीपीत लोक बोर्ड जाळतात, म्हणून इथे घाई नको. स्लॉटच्या आत एक आडवी भिंत असते. ती कॅबिनेटच्या मागच्या पट्टीच्या बाजूला असेल तर स्लॉट ३.३ व्होल्टचा, लांबच्या टोकाकडे असेल तर १.५ व्होल्टचा. ४४०बीएक्सवर पहिला प्रकार, ८६५ वर दुसरा. कार्डाची खाच भिंतीशी जुळली नाही तर कार्ड बसतच नाही, आणि तेच बरं. खरी पंचाईत होते ती दोन्ही खाचा असलेल्या काही जुन्या टीएनटी२ ग्राफिक्स कार्डांची: ती बसतात, पण चालतात ३.३ व्होल्टवरच. १.५ व्होल्टच्या बोर्डात असं कार्ड घातलं की चिपसेट जातो.

४४०बीएक्सला जीफोर्स २ एमएक्स हे ग्राफिक्स कार्ड छान जमतं. व्हूडू ३ मिळालं तर ग्लाइडचे, म्हणजे खास व्हूडू कार्डांसाठी लिहिलेले गेमही चालतील, पण त्याचा भाव हौशी लोकांनी चढवून ठेवलाय. ८६५ ला एफएक्स ५२०० घ्या. जुन्या गेममधलं ८ बिट पॅलेटचं (ठरावीक २५६ रंगांचं) टेक्स्चर ते कार्ड अजून ओळखतं, जीफोर्स ६ पासून ती सोय गेली. एफएक्स ५२०० घेताना चिप मोजा: दोन बाजूंना पाय असलेल्या लांबट मेमरी चिप आठ असतील तर मेमरीचा रस्ता बहुतेक १२८ बिट रुंद, चारच असतील तर ६४ बिट. ६४ बिटवालं रडत चालतं.

विंडोज गेमच्या साउंडला साउंड ब्लास्टर लाइव्ह पुरेसं. मधल्या मोठ्या चिपवर ‘ईएमयू१०के१’ छापलेलं हवं. त्या १ ला लागून ‘एक्स’ असेल तर ते कंपनीच्या पीसीसाठी काढलेलं स्वस्त कार्ड, त्यावर नेहमीचा ड्रायव्हर बसत नाही.

या पीसीवर विंडोज ९८ टाकायचं, म्हणून रॅम २५६ एमबी, फार तर ५१२. त्याच्या वर गेलात की विंडोज ९८ ची डिस्क कॅश बिघडते आणि भरपूर रॅम असूनही ‘मेमरी अपुरी’ असं ऐकावं लागतं. डिस्क १३७ जीबीच्या आतली, कारण त्याच्या पुढचं ९८ च्या मूळ ड्रायव्हरला दिसत नाही आणि डेटा एकमेकांवर लिहिला जातो. १९९८-९९ च्या काही बायोसना (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) ३२ जीबीच्या वरची डिस्क दिसताच बोर्ड अडकतो. तिथे आयडीई (जुन्या डिस्कची रुंद केबल) अडॅप्टरवर १६ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा, आवाजही नाही.

आता कपॅसिटर. प्रोसेसरभोवतीचे डबे वरून सपाट हवेत. फुगलेले किंवा डोक्यावर तपकिरी चिकट डाग असलेले दिसले की तो बोर्ड दुरुस्तीच्याच भावात मागा. बदलताना मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणि १०५ अंशांचे घ्या. पट्टी ऋण बाजूला. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, जुना वापरू नका. नव्याचा २०+४ पिनचा प्लग २० पिनच्या बोर्डात बसतो, चार पिन बाहेर लटकू द्या. एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरच्या ज्या बोर्डाला चार पिनचा १२ व्होल्टचा प्लग नाही, तो मात्र सगळी वीज ५ व्होल्टवरून ओढतो. तिथे लेबलवर ५ व्होल्टला २५ अँपिअर तरी हवेत.

ठाण्यात दोन पावसाळे माळ्यावर काढलेला बोर्ड लगेच चालू करू नका. स्लॉट मऊ ब्रशने झाडा, कार्डांचे सोनेरी दात खोडरबरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एक दिवस वाळू द्या. मग कॅबिनेटबाहेर, पुठ्ठ्यावर ठेवून फक्त प्रोसेसर-हीटसिंक, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि स्पीकर लावा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की बोर्ड सुरू होतो. अवॉर्ड बायोसने एक लांब, दोन आखूड बीप दिले तर ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही. वेळ-तारीख विसरत असेल तर आधी सीआर२०३२ सेल बदला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेत असाल तर ‘टेस्टेड आहे’ यावर जाऊ नका, लावून दाखवा म्हणा. आणि मॉनिटर? १७ इंची जुना एलसीडी सहज मिळतो, पण तो ५:४ असतो, चित्र उभं ताणतो. १५ इंची, १०२४ बाय ७६८ वाला ४:३ आहे, तोच घ्या.